एलिट डेंजरसमधली एसआरव्ही: शेवटच्या किलोमीटरची सहाचाकी

विरार फास्ट कितीही वेळेवर आली तरी ती दारात आणून सोडत नाही. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग असतेच, आणि घरी पोचायला किती वेळ लागणार हे बहुतेकदा ती रांगच ठरवते. 'एलिट डेंजरस' या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये एसआरव्हीचं, म्हणजे जहाजातून ग्रहावर उतरवायच्या गाडीचं, काम हेच. जहाज एका उडीत पन्नास-साठ प्रकाशवर्षं कापतं. पण उतरल्यावर दगड फोडून धातू गोळा करायचा असो की कोसळलेल्या यानातली माहिती काढायची असो, शेवटचा किलोमीटर या छोट्या सहाचाकीचा. खेळावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून इथे फक्त गाडीबद्दल: कधी घ्यावी, कशी चालवावी आणि कुठे ती जहाजाच्या पोटात फुकट जागा अडवते.

आधी खरेदीचं. मूळ खेळ केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सने डिसेंबर २०१४ मध्ये आणला. ग्रहांवर उतरणं आणि स्कॅरॅब ही पहिली एसआरव्ही एक वर्षाने, 'होरायझन्स' या विस्ताराबरोबर आली. ऑक्टोबर २०२० पासून होरायझन्स मूळ खेळातच मिळतं, त्यामुळे स्कॅरॅबसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. जहाजातून उतरून पायी फिरायचं असेल, विरळ वातावरणाच्या ग्रहांवर जायचं असेल किंवा दुसरी गाडी, स्कॉर्पिअन, हवी असेल तर मे २०२१ चा 'ओडिसी' हा विस्तार विकत घ्या. ओडिसी फक्त पीसीवर आहे. कन्सोलवाल्यांनी या लेखातला स्कॅरॅबचाच भाग वाचावा.

जहाजात गाडी ठेवायला प्लॅनेटरी व्हेइकल हँगर लागतं. क्लास २ मध्ये एक गाडी मावते, क्लास ४ मध्ये दोन, क्लास ६ मध्ये चार. प्रत्येक क्लासमध्ये एच आणि जी असे दोन प्रकार आहेत. एच जड आहे पण वीज कमी खातं, जी हलकं आहे पण वीज जास्त घेतं. लांब उड्यांसाठी बांधलेल्या जहाजात जी घ्या, पॉवर प्लँट आधीच घाईला आला असेल तर एच. नवे लोक हमखास एक चूक करतात: हँगर बसवतात आणि आतली गाडी घ्यायला विसरतात. हँगर आणि गाडी वेगवेगळ्या घ्याव्या लागतात. रिकाम्या हँगरनिशी हजार प्रकाशवर्षं गेल्यावर हे कळलं तर परत फिरण्यावाचून इलाज नसतो.

उतरताना गुरुत्वाकर्षणाचा आकडा आधी बघा. दोन जीच्या (पृथ्वीच्या दुप्पट गुरुत्वाकर्षणाच्या) वर नाक खाली करून सूर मारलात तर थ्रस्टर वेळेत सावरत नाहीत. सपाट जागा सापडली की लँडिंगचा दर्शक निळा होतो, तोवर घासाघीस करू नका. अ‍ॅनाकॉन्डा किंवा कटरसारखं धूड डोंगराळ भागात उतरवणं म्हणजे दादरच्या फूलबाजारात सकाळी ट्रक घुसवणं. जमीन पुष्कळ दिसते, जागा मिळत नाही. जमिनीवर जास्त काम असेल तर लहान किंवा मध्यम जहाज न्या. मँडले हे काम छान करतं. टेकल्यावर खालच्या पॅनेलमधून गाडी उतरवायची.

आता चालवणं. इथेच बहुतेक लोक वैतागून गाडी कायमची हँगरात ठेवतात, आणि चूक अर्धी त्यांची, अर्धी खेळाची. ड्राइव्ह असिस्ट चालू असताना थ्रॉटल म्हणजे वेग ठरवून देणं: ठरवलेला वेग गाडी स्वतः राखते. सपाट मैदानावर ते सोयीचं आहे. चढावर, दगडांच्या राशीत किंवा बारीक वळणं घेताना ते बंद करा, मग थ्रॉटल साध्या अ‍ॅक्सिलरेटरसारखा वागतो. कीबोर्डवर वळणं फार आडमुठी होतात, कारण बटणाला अर्धं वळण ठाऊकच नाही: चाक एकतर सरळ, नाहीतर पूर्ण वळलेलं. वेगात असं वळलात की गाडी कोलांटी मारते. साधा गेमपॅड घेतला तरी निम्मा त्रास संपतो. लॅमिंग्टन रोडवर जॉयस्टिक बघायला गेलात तर विकत घेण्याआधी दुकानातच मूठ हलवून मधला ढिलेपणा तपासा, कारण एसआरव्ही तो ढिलेपणा जहाजापेक्षा जास्त दाखवते. वन बीएचकेच्या टेबलावर जॉयस्टिक-थ्रॉटलची जोडी मावत नसेल तर हट्ट करू नका, या गाडीला तिची गरज नाही. सेटिंग्जमध्ये एसआरव्हीची बटणं जहाजापासून वेगळी बांधता येतात. ती वेगळीच बांधा.

कमी गुरुत्वाकर्षण हा खरा शत्रू. ०.१ जीच्या आसपास पावसाळ्यातल्या एलबीएस मार्गाएवढा खड्डासुद्धा गाडीला वर फेकतो, आणि चाकं अधांतरी असताना ब्रेक काय करणार? हवेत असताना पिच आणि रोल वापरून चाकं जमिनीच्या उताराशी समांतर आणा, टेकण्याच्या क्षणी बूस्टर थोडा दाबा. पॉवरच्या पिप्सचं, म्हणजे इंजिन, सिस्टिम आणि शस्त्रांत वाटायच्या विजेच्या ठिपक्यांचं, वाटप जहाजासारखंच आहे. प्रवासात इंजिनला जास्त द्या म्हणजे बूस्टर लवकर भरतो. लढाईत किंवा खडकाळ उतारावर सिस्टिमला द्या, कारण आपटण्याचा मार आधी शील्ड झेलतं. मोठ्या जीमध्ये उलटं होतं: गाडी रस्त्याला चिकटून राहते, वळणं सुंदर बसतात, पण बूस्टरने उडी मारायचं विसरा. चालवायला सर्वांत मजा अर्धा ते एक जीमध्ये येते.

इंधन संपत आलं तर घाबरू नका. गंधक आणि फॉस्फरस असेल तर जागेवरच इंधन बनतं. लोखंड आणि निकेलपासून गाडीची दुरुस्ती होते. चारही अगदी सामान्य आहेत, म्हणून प्रत्येकाचा थोडा साठा कायम ठेवा. साठा ऐन वेळी नसतो तो पॉलोनियमच्या नादात गंधकाचे दगड सोडून पुढे जाणाऱ्यांकडेच.

दगड शोधायला वेव्ह स्कॅनर आहे. एचयूडीवरच्या (डोळ्यांसमोर उमटणाऱ्या माहितीतल्या) पट्टीत खालच्या भागात उमटणारे संकेत नैसर्गिक असतात, म्हणजे दगड आणि उल्का. वरच्या भागात दिसणारे मानवनिर्मित: पडलेली यानं, कंटेनर, पहारेकरी ड्रोन. प्रत्येक प्रकाराचा आवाज वेगळा आहे. दोन-तीन तास चालवल्यावर मेटॅलिक मिटिओराइट डोळे मिटून ओळखू येतो. मेटॅलिक मिटिओराइट आणि मेसोसिडेराइट दिसले की सोडू नका, दुर्मीळ धातूंची शक्यता त्यांच्यात जास्त. साधे आउटक्रॉप वाटेत आले तरच फोडा. फोडल्यावर कार्गो स्कूप उघडा आणि तुकड्यांवरून सावकाश जा. वेगात गेलात तर तुकडे चाकांना लागून उडतात. या आवाजांबद्दल एक वेगळं वाक्य खर्च करायला हरकत नाही: अंतराळाच्या खेळात कानाने काम करायला लावणारं यंत्र दुर्मीळ आहे, आणि हे उत्तम जमलंय.

गोळा काय करायचं? इंजिनिअर्सकडून जहाज सुधारून घ्यायचं असेल तर कच्चा माल लागतो. त्याच्या साठ्याला मर्यादा आहे: पहिल्या श्रेणीचा ३००, दुसऱ्या २५०, तिसऱ्या २०० आणि चौथ्या श्रेणीचा १५०. मटेरियल ट्रेडरकडे खालच्या श्रेणीचे सहा देऊन वरच्या श्रेणीचा एक मिळतो, उलट दिशेने मात्र एकाचे तीन. यावरून नियम साधा निघतो: वरच्या श्रेणीचं गोळा करा, खालचं मोडून घ्या. एचआयपी ३६६०१ मध्ये स्फटिकांची रानं आहेत, तिथे पॉलोनियम, रुथेनियम, टेल्युरियम, टेक्निशियम मिळतं. प्रवास लांबचा, पण एका फेरीत वरच्या श्रेणीचा साठा भरतो. कार्बन, व्हॅनेडियम आणि जर्मेनियम जवळ ठेवलंत तर एका उडीचा पल्ला २५ टक्क्यांनी वाढवता येतो. ताऱ्यांच्या विरळ भागात अडकल्यावर सुटका करणारी युक्ती हीच.

हायडीज सेक्टर डीआर-व्ही सी२-२३ मधलं डॅव्ह्ज होप आणि एचआयपी १२०९९ मधलं जेमसन या वैमानिकाचं पडलेलं कोब्रा जहाज ही दोन ठिकाणं बहुतेकांना ठाऊक असतात. पहिल्यावर कारखान्यात बनलेला माल मिळतो, दुसऱ्यावर माहिती. गोळा करा, खेळातून बाहेर पडा, परत आत या, सगळं पुन्हा हजर. गाडीत असतानाच बाहेर पडलात तर गाडीतच परत येता. पावसात ब्रॉडबँड तुटलं तर हे काम आपोआप होतं म्हणायचं! काम होतं, पण यात मजा शून्य. एकाच चौकातून पंचवीस फेऱ्या मारायला लावणं हा खेळाच्या रचनेचा आळस आहे.

गाडीची खरी कसोटी गार्डियनांच्या, म्हणजे खेळातल्या एका लुप्त परग्रहवासी जमातीच्या, अवशेषांत लागते, आणि तिथेच ती सर्वांत शोभून दिसते. उडीचा पल्ला वाढवणारा गार्डियन एफएसडी बूस्टर (क्लास ५ मध्ये १०.५ प्रकाशवर्षं) मिळवायला मॉड्यूल ब्लूप्रिंटचा तुकडा लागतो. तो सिन्यूफ एचटी-एफ डी१२-२९ मधल्या सी ३ ग्रहावर मिळतो. गाडीच्या रॅकमध्ये एक गार्डियन रेलिक (त्यांची एक जुनी वस्तू) ठेवा. आवारात शिरलात की जमिनीतून खांब वर येतात. ते ठरलेल्या वेळात गोळ्या झाडून पेटवायचे असतात, आणि मधेमधे सेंटिनल ड्रोन अंगावर येतात. आधी खांब कुठे आहेत ते फिरून पाहा, मग घड्याळ सुरू करा. सगळे पेटल्यावर मधल्या गोळ्यापाशी रेलिक टाका आणि डेटा लिंक स्कॅनरने वाचा. सेंटिनलच्या क्षेपणास्त्रांनी गाडी फुटते हे नेहमीचं रडगाणं. उपाय स्वस्त आहे: जहाजाच्या वरच्या बाजूला पॉइंट डिफेन्स बसवा आणि जहाज आवाराला लागून उभं करा. क्षेपणास्त्रं तेच पाडतं. त्यासाठी गाडी जहाजापासून फार दूर नेऊ नका. साधारण दोन किलोमीटरच्या पुढे गेलात की जहाज स्वतःहून उडून जातं.

तेच जहाज परत बोलावताना मजा होते. त्याला सपाट जागा लागते, म्हणून दरीत उभं राहून हाका मारल्या तर ते डोंगरापलीकडे जाऊन बसतं. आधी मोकळ्या मैदानात या, मग बोलवा. रात्र असेल तर नाइट व्हिजन लावा, हेडलाइटच्या भरवशावर कड्याच्या टोकाशी जाऊ नका. गाडी फुटलीच तर खेळ जहाजात परत आणतो आणि गोळा केलेलं मटेरियल हातचं जात नाही, पण रॅकमधला माल जातो. एकच गाडी नेली असेल तर पुढचं स्टेशन येईपर्यंत हात हलवत बसा. म्हणून महिनाभराच्या सफरीला क्लास ४ हँगर आणि दोन स्कॅरॅब.

ओडिसीतल्या जीवशास्त्राच्या कामात मात्र गाडी सरसकट उपयोगी नाही. एका प्रजातीचे तीन नमुने, ठरलेल्या अंतरावरून, तेही खाली उतरून आर्टेमिस सूटमध्ये घ्यावे लागतात. टसॉकला २०० मीटर आणि फ्रुटेक्साला १५० मीटर अंतर चालतं, तिथे गाडी झकास. बॅक्टेरियम आणि स्ट्रॅटमला ५०० मीटर, ऑसिअसला ८००, इलेक्ट्रिकीला पूर्ण १,००० मीटर. तिथे जहाजाने टुणकन उडी मारणं लवकर होतं. चांद्रयान-३ च्या प्रज्ञानलाही सहाच चाकं होती, वजन २६ किलो आणि वेग सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर. त्या वेगाने स्ट्रॅटमच्या दोन नमुन्यांमधलं अंतर कापायला चौदा तास लागतील. स्ट्रॅटम टेक्टोनिकसचा एक संच सुमारे १ कोटी ९० लाख क्रेडिटला जातो आणि पहिली नोंद तुमची असेल तर त्याच्या पाचपट, त्यामुळे वेळ वाचवणं फायद्याचं. लांब चालताना सूटची बॅटरी उतरली तर मात्र गाडीत बसा, ती भरून निघते.

स्कॉर्पिअन डिसेंबर २०२१ मध्ये आली. चिलखत जाड, क्षेपणास्त्रं आणि सर्ज रिपीटर दिमतीला, पण माल दोनच टन मावतो, स्कॅरॅबमध्ये चार. वस्त्यांवर हल्ला करण्याखेरीज तिला घेऊन जायचं कारण नाही. आणि तिच्यातही एकाच माणसाची जागा. जोडीदाराला शेजारी बसवून चंद्रावर चक्कर मारायची साधी हौस हा खेळ भागवत नाही. स्टार सिटिझनची उर्सा रोव्हर अख्खी टोळी घेऊन फिरते. नो मॅन्स स्कायमध्ये गाड्यांच्या अर्धा डझन जाती आहेत, आणि त्या सुधारताही येतात. इथे इंजिनिअर जहाजाचा स्क्रूसुद्धा बदलून देतात, पण गाडीला हात लावत नाहीत. तरीही चाकांखालची जमीन खरी वाटते ती इथेच, कारण वजन, घसरण आणि उडी तिन्ही त्या ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाप्रमाणे बदलतात.

निव्वळ व्यापार करत असाल तर हँगर काढून तिथे कार्गो रॅक बसवा. शोधमोहिमेच्या जहाजात क्लास २ जी कायम राहू द्या. आणि दर गुरुवारी भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराच्या सुमारास सर्व्हर देखभालीसाठी थोडा वेळ बंद होतो. गार्डियनांच्या आवारात त्याच्या अर्धा तास आधी शिरू नका, खांब पेटवून झालेले असतील आणि तुकडा हातात आलेला नसेल.