१४० लिटरची टाकी

हिमाचलातल्या तांडीच्या पंपावरच्या पाटीचा फोटो मनालीहून लेहला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण काढतो: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मीही काढला. फोटो काढला आणि डिझेल न भरता पुढे निघालो. पंपावर पंचवीस-तीस गाड्यांची रांग होती, काटा अर्ध्याच्या वर होता आणि माझ्या गाडीखाली १४० लिटरची टाकी होती. निदान मी पैसे तरी १४० लिटरचे मोजले होते.

गाडी २०१८ची फॉर्च्युनर, २.८ डिझेल ऑटोमॅटिक. कंपनीची टाकी ८० लिटरची. सांगली-पुणे-मुंबई करणाऱ्या माणसाला तेवढी बक्कळ होते. पण माझ्या डोक्यात लडाखमधलं हानले गाव आणि त्याच्या पुढची उमलिंग ला ही खिंड शिरली होती. लेहहून निघून १९,००० फुटांवरच्या त्या खिंडीला हात लावून परत यायचं तर सातशेच्या आसपास किलोमीटर होतात, आणि वाटेत पंपाचा भरवसा नाही. मेहुणा म्हणाला होता, "भावजी, वीस लिटरचा एक कॅन टपावर बांधा, विषय संपला." मला ते पटलं नाही. तीस-पस्तीस लाखांच्या गाडीवर कॅन बांधून फिरायचं म्हणजे दूधवाल्यासारखं दिसतं, असं मी म्हणालो होतो. बायको हे वाक्य अजून विसरलेली नाही.

मग पुण्याबाहेर हायवेच्या सर्व्हिस रोडवरचा एक माणूस सापडला. ऑफरोडच्या गाड्या तयार करणारा. बोलायला गोड, हाताला ग्रीस, भिंतीवर विंच आणि बुलबार. त्याने मला ऑस्ट्रेलियाच्या गोष्टी सांगितल्या. तिथे कॅनिंग स्टॉक रूटसारखा साधारण १,८५० किलोमीटरचा वाळूचा रस्ता आहे, तिथे प्राडो कंपनीतूनच दोन टाक्या मिळून १५० लिटरची यायची, तिथल्या लोकांना लाँग रेंज टाकी म्हणजे रोजची गोष्ट. हे सगळं खरं होतं. मी घरी येऊन तपासलंही, आणि तिथेच फसलो. ऑस्ट्रेलियाचं खरं निघालं म्हणून टाकीचंही खरं धरलं.

टाकी त्याने दाखवली. काळी, पावडर कोटिंग केलेली, लांबट आणि चपटी. "चपटी का?" विचारलं तर म्हणाला, "सर, खाली लोंबायला नको, दगड लागतो. म्हणून रुंदी वाढवलीय." टेप लावून लांबी-रुंदी-उंची मोजली, मोबाइलवर गुणाकार केला, १४२ आले. मी मान डोलावली. प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याला, जागा द्यायला त्या टाकीला एका अंगाला मोठी खाच होती आणि कडेने बोल्टच्या पट्ट्या होत्या. टेप या सगळ्यावरून गेला होता. मी इंजिनिअर आहे, हे इथे लिहिताना लाज वाटते.

भाव ८५,००० रुपये. साठ हजार ऑनलाइन, तेही गॅरेजच्या नव्हे तर कुणा बाईंच्या खात्यावर, उरलेले रोख. जीएसटीचं बिल मागितलं तर "सर, मग अठरा टक्के वर जातील." मी गप्प बसलो. हातात एक कच्ची पावती आली, तिच्यावर दोनच शब्द: "टाकी काम". किती लिटर, कसली, कुणाची, काही नाही. जुनी टाकी डिकीत टाकायला सांगितली तर म्हणाला, "फ्लॅटमध्ये कुठं ठेवणार, सर? वास येतो. राहू द्या इथंच." चांगल्या चालत्या गाडीची कंपनीची टाकी मी अशी फुकट सोडून आलो. ती त्याने कितीला विकली असेल याचा हिशोब मी मुद्दाम करत नाही.

गाडी घेतली, टाकी फुल केली आणि खूश झालो. काटा हलेचना! दोनशे किलोमीटर झाले, चारशे झाले, काटा आपला अर्ध्याच्या वरच रेंगाळत राहिला. मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो, बघा, मोठी टाकी. पण अर्ध्याखाली गेलेला काटा मी कधी पाहिलाच नाही, कारण त्याआधी मीच कुठेतरी भरून घ्यायचो. डॅशबोर्डवर अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा वेडावाकडा यायचा. फोन केला तर उत्तर तयार होतं: "ते कंपनीच्या टाकीचं प्रोग्रामिंग आहे, लक्ष देऊ नका."

आता त्या काट्याचं सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, तो एका दांडीवर. डिझेल खाली जाईल तशी दांडी खाली झुकते आणि काटा उतरतो. या सगळ्या जोडाला सेंडर म्हणतात, आणि माझ्या गाडीत जुनाच सेंडर नव्या टाकीत बसवला होता. जुनी टाकी खोल, नवी चपटी. त्यामुळे फ्लोट तळाला टेकायचा तेव्हा दांडी अर्धीच झुकलेली असायची. टाकी कोरडी, आणि काटा अर्ध्यावर.

चंदीगडला फुल केली होती. मनाली, आजूबाजूची भटकंती, अटल टनेल, तांडी, असे साडेपाचशे किलोमीटर झाले होते. मग बारालाचा ला, सरचू, पांग. पांग ओलांडून मोरे प्लेन्सवर आलो आणि दुपारी साडेतीनला गाडी दोन गचके खाऊन बंद पडली. सपाट माळ, चहूकडे तपकिरी डोंगर, वारा असा की दार उघडायला जोर लागे. मागच्या सीटवर मुलीचं डोकं दुखत होतं. आम्ही बोनेट उघडून तासभर घालवला. उंची साडेचार हजार मीटरच्या वर, हवा विरळ, इंजिन दमलं असेल, असले तर्क. डिझेल संपलं असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. काटा समोर अर्ध्यावर होता ना.

शेवटी एक ट्रकवाला थांबला, मंडीचा होता. त्याने काहीच विचारलं नाही. पाना घेतला, गाडीखाली आडवा झाला आणि टाकीवर पाना वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. ठण, ठण, ठण. रिकाम्या पातेल्यासारखा आवाज, कुठेही बदलला नाही. बाहेर आला, हात झटकले आणि म्हणाला, "टंकी तो खाली है जी." माझा विश्वास बसेना. त्याने मला खाली वाकून स्वतः वाजवायला लावलं.

त्याने स्वतःच्या टाकीतून नळीने वीस लिटर काढून दिले. म्हणजे शेवटी कॅनच कामी आला, तोही दुसऱ्याचा. फिल्टरवरचा पंप हाताने दाबून दाबून हवा काढली आणि अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. पैसे त्याने पंपाच्या भावानेच घेतले. कंपनीची टाकी असती तर तांडीला काटा खाली दिसला असता आणि मी मुकाट्याने रांगेत उभा राहिलो असतो. लेहच्या अलीकडे कारूलाही पंप आहे, आणि तांडी ते कारू जेमतेम सव्वातीनशे किलोमीटर. ८० लिटर भरून निघालो असतो तर निम्म्याच्या आसपासच लागलं असतं.

लेहच्या मेकॅनिकने डिझेल फिल्टर उघडला तेव्हा चहाच्या गाळासारखं काहीतरी निघालं. गंज. टाकीला बाहेरून पावडर कोटिंग होतं, आतून काहीच नव्हतं. आताच्या कॉमनरेल डिझेल इंजिनच्या इंजेक्टरला, म्हणजे बारीक छिद्रांतून डिझेल फवारणाऱ्या भागाला, असली माती म्हणजे विष. उमलिंग ला राहिलंच. फिल्टर बदलत, दर दोनशे किलोमीटरला डिझेल भरत सांगली गाठली.

घरी टाकी उतरवून स्वच्छ धुतली आणि बिसलरीवाल्याकडचे वीस लिटरचे जार मागवले. चार जार पूर्ण गेले, पाचव्यातलं चौदा लिटर. ९४. ज्यांना अशी टाकी घ्यायचीच आहे त्यांनी ही पाण्याची परीक्षा गाडीला बसवायच्या आधी, दुकानातच, समोर उभं राहून करावी. अर्धा तास लागतो. मग ग्राइंडरने टाकी कापली. डिझेल डचमळू नये म्हणून आत आडव्या पट्ट्या असाव्या लागतात, त्या नव्हत्या. गाडी उलटली तर डिझेल बाहेर येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह असतो, त्याच्या जागी साधी रबरी नळी. काळ्या रंगाखाली पिवळा रंग होता, आणि दोन वेगवेगळ्या जाडीचे पत्रे मधोमध वेल्ड केले होते. कुठल्यातरी टेम्पोच्या टाक्या. वर 'मेड इन ऑस्ट्रेलिया'चं स्टिकर, त्या स्पेलिंगमधला 'एल'च गायब. ते स्टिकर मी चार महिने बघत होतो.

गॅरेजवाल्याने आधी "उंचीवर असं होतं" म्हटलं, मग "डिझेल खराब असेल", मग फोन उचलणं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण वकीलबाईंनी पावती पाहून चष्मा काढून ठेवला. "यात टाकी किती लिटरची ते कुठंय?" आणि दुसरं म्हणजे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत असे बदल मनाने करता येत नाहीत, २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकालाच बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "तक्रार करताना तुम्ही स्वतःचाच गुन्हा लिहून देणार आहात, एवढं लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. विम्याचा विषय तर मी काढलाच नाही. वाटेत आग लागली असती तर विमा कंपनीने पहिलं बोट या टाकीकडेच दाखवलं असतं.

तरीही अर्ज केलाय. हाताशी आहेत ते साठ हजारांच्या ऑनलाइन व्यवहाराची नोंद, त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, ज्यात एका ठिकाणी त्याने स्वतः "१४० ltr" न लिहिता "एकशे चाळीसची तुमची टाकी रेडी" असं मराठीत टाइप केलंय, आणि जार मोजतानाचा व्हिडिओ. कंपनीची नवी टाकी, सेंडर आणि नळ्या धरून लाखाच्या जवळ गेले. कापलेली टाकी पुरावा म्हणून टाकायची नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. त्यामुळे ती पार्किंगमध्ये उभी आहे, आणि काल सोसायटीच्या सेक्रेटरींनी भंगार हलवा म्हणून मला नोटीस दिली.