अठ्ठावीस जणांची सहल: एक मिनीबस की दोन ट्रॅव्हलर?

बारा-चौदा जण असतील तर फार विचार करावा लागत नाही, सतरा सीटची एक ट्रॅव्हलर पुरते. पंचेचाळीसच्या आसपास गेलात की मोठी बस किंवा एसटीचा प्रासंगिक करार. पंचाईत होते ती मधल्या आकड्याला, आणि आमचं भजनी मंडळ नेमकं तिथंच येतं. अठ्ठावीस माणसं, त्यातली वीसएक साठीच्या पुढची, आणि वर्षाआड पुण्याहून दोन दिवसांचा अष्टविनायक ठरलेला. बत्तीस सीटची एक मिनीबस करायची की सतराच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर, यावर दर वेळी चर्चा होते. आतापर्यंत दोनदा मिनीबस केली, दोनदा ट्रॅव्हलर. गाडी ठरवायचं काम चारही वेळा माझ्याकडे होतं.

पैशाचं आधी सांगतो. मिनीबस स्वस्त पडते, यात दुमत नाही. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतात. आपला अष्टविनायक दोन दिवसांत साडेसहाशेच्या घरात जातो, त्यामुळे न फिरलेल्या किलोमीटरचे पैसे जात नाहीत. पण दोन गाड्या म्हटल्या की टोल दोनदा, पार्किंग दोनदा, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा मुक्कामही दोघांचा. आम्हाला माणशी तीनशे रुपयांच्या आतबाहेर जास्त मोजावे लागले. पेन्शनवर घर चालवणाऱ्याला तीनशे रुपये थोडे नसतात, हे मला मान्य आहे. आणखी एक, किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. दोन गाड्या शहराच्या दोन टोकांहून आल्या तर तो फरकही आपल्याच बिलात येतो. म्हणून दोन्ही गाड्या एकाच मालकाच्या घ्या, आणि दारात आल्या की ड्रायव्हरसमोर मीटरचा फोटो काढा. वादाचा प्रसंगच येत नाही.

मिनीबसचा दुसरा गुण पैशापेक्षा मोठा आहे. सगळे एकत्र असतात. पहाटे पाचला गाडी हलली की भूपाळी सुरू होते, हडपसर मागे पडेपर्यंत टाळ निघालेले असतात. दोन गाड्या केल्या की पेटी एका गाडीत, पखवाज दुसऱ्या गाडीत. पहिल्यांदा ट्रॅव्हलरने गेलो तेव्हा मागच्या गाडीतली मंडळी दिवसभर खट्टू होती. शिवाय ‘दुसरी गाडी कुठंय?’ हा फोन. एक गाडी चहाला थांबते, दुसरी पुढे निघून जाते. पुढच्या खेपेला आम्ही थांबे आधीच कागदावर लिहून दोन्ही ड्रायव्हरांना दिले, प्रत्येक गाडीला एक जबाबदार माणूस नेमला, दोन्ही दिवस माणसं त्याच गाडीत ठेवली. फोन बरेच कमी झाले. भजनाचं मात्र जमलं नाही ते नाहीच. रात्री ओझरला मुक्कामी सगळे एकत्र बसलो, तेवढंच.

एवढं सगळं मिनीबसच्या बाजूने असताना मी आता ट्रॅव्हलरकडे झुकलोय, आणि त्याला कारण आहे दाराची पहिली पायरी.

ऐकायला किरकोळ वाटेल. पण दिवसभरात माणूस गाडीतून किती वेळा चढ-उतार करतो ते बघा. देवळं, नाश्ता, जेवण, दोनदा चहा, स्वच्छतागृह. आमच्या पहिल्या दिवशी मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव झालं तेव्हा आठ-नऊ वेळा तरी उतरलो असू. बऱ्याचशा मिनीबसची बॉडी मालवाहू गाडीच्या चासीवर बांधलेली असते. त्यामुळे आतली फरशी उंच, आणि जमिनीपासूनची पहिली पायरीही उंच. ट्रॅव्हलर मुळात व्हॅन म्हणून आखलेली गाडी. आमच्या पिढीला मॅटाडोर आठवत असेल, ती आणि ही एकाच आकुर्डीच्या कंपनीची. 2005 पर्यंत तिचं नाव बजाज टेम्पो होतं, म्हणून लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. ट्रॅव्हलरची फरशी खाली असते, चढताना गुडघा तेवढा वर न्यावा लागत नाही.

मला हे उमगलं लेण्याद्रीच्या पायथ्याशी. दुसऱ्यांदा मिनीबस केली होती तेव्हाची गोष्ट. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोली मिळते, पण आमच्या बायका हट्टाने चालत जातात. आमच्यातल्या एका काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या वर जाऊन दर्शन घेऊन शांतपणे खाली आल्या, कुठंही थांबल्या नाहीत. आणि बसच्या दाराशी थांबल्या. उजव्या हाताने दांडा धरला, पाय उचलला, पायरीच्या काठाला चपलेचं टोक लागलं आणि पाय परत खाली आला. दोनदा असं झालं. मागे दहा-बारा जण उन्हात उभे. काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही चढा सगळे, मी मागून येते.” शेवटी क्लीनरने रसवंतीवाल्याकडून प्लास्टिकचा क्रेट आणला, पालथा घातला, आणि त्यावर पाय देऊन त्या चढल्या. पुढच्या थांब्याला त्या खाली उतरल्याच नाहीत. पाणी प्यायचंही त्यांनी टाळलं, कारण पाणी प्यायलं की उतरावं लागेल. हे मला त्यांच्या शेजारी बसणाऱ्या वहिनींनी घरी आल्यावर सांगितलं.

त्यानंतर मी उतरण्या-चढण्याकडे लक्ष द्यायला लागलो. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण मिनीबसला एकच दार, अठ्ठावीस माणसं, आणि प्रत्येकाला हात द्यायचा. दर थांब्याला दहा-बारा मिनिटं यातच जात असावीत. दोन ट्रॅव्हलर म्हणजे दोन दारं, प्रत्येकी चौदा माणसं, आणि निम्म्यांना तरी हाताची गरज लागत नाही. गेल्या खेपेला आम्ही काळोख पडायच्या आत ओझरला पोचलो. त्यात रस्त्याचा आणि गर्दीचाही वाटा असेल, पण माझ्या मते मोठा वाटा दाराचा.

ट्रॅव्हलरमध्ये कमतरता नाहीत असं नाही. सगळ्यात मागचा बाक खड्ड्यात चांगलाच उडतो. तिथं माणूस बसवूच नका, बॅगा ठेवा, म्हणूनच सतराच्या गाडीत चौदा जण मी म्हणतो. मिनीबससोबत क्लीनर येतो, गाडी मागे घेताना तो खाली उतरून बघतो. ट्रॅव्हलरला बहुधा एकटा ड्रायव्हर, त्यामुळे पालीसारख्या गावात गाडी वळवताना आपल्यातल्याच कुणीतरी उतरायचं. गाडी लागणाऱ्यांना मात्र ट्रॅव्हलर सोसते असा आमचा अनुभव, पुढच्या दोन रांगांत बसवलं तर. खंडाळ्याच्या घाटात मिनीबसच्या मागच्या सीटवर आमचे तिघे आडवे झाले होते.

ड्रायव्हरचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच, आणि तो कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता, मग त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्या जुन्या कायद्यात होतं. पहाटे पाचला निघून रात्री दहाला मुक्कामाला पोचायचा बेत आखला की या हिशेबाचं काय होतं ते आपणच पाहावं. आम्ही आता ड्रायव्हरसाठी मुक्कामी खोलीत कॉट घेतो, गाडीत झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी घाटातून अठ्ठावीस जणांना तोच नेणार असतो.

कागदपत्रं बघणं ओघानं आलंच. पाटी पिवळी हवी. कुणाच्या ओळखीने पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचे हाल होतात. नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते.

तुमच्या गटात सगळे पन्नाशीच्या आतले असतील, कॉलेजचे मित्र असतील, तर मिनीबस करा. तीनशे रुपये वाचतील आणि गाणी एकत्र होतील. पण एकाचाही गुडघा दुखत असेल, तर माझ्या मते दोन ट्रॅव्हलर. आणि काही कारणाने मिनीबसच ठरली, तर आगाऊ रक्कम देण्याआधी मालकाला दार उघडं ठेवून, शेजारी माणूस उभा करून फोटो पाठवायला सांगा. पहिली पायरी त्याच्या गुडघ्याच्या वर दिसली तर दुसरी गाडी मागा. ती नसेलच, तर घरून लाकडी स्टूल घ्या, रबर बसवलेलं, आणि ते डिकीत न टाकता दाराशीच ठेवा.