अनोळखी माणसाकडून जुनी पेटी घेताना यूपीआयचा कितपत आधार मिळतो?

गेल्या दोन महिन्यांत जुनी हार्मोनियम, म्हणजे पेटी, शोधताना मी दोन अनोळखी माणसांना यूपीआयने पैसे दिले. पहिल्या वेळी दोन हजार रुपये गेले आणि हाती काहीच आले नाही. दुसऱ्या वेळी साडेअकरा हजारांत उत्तम पेटी घरी आली. दोन्ही वेळी अ‍ॅप तेच आणि बँकही तीच होती, म्हणून ही सेवा चांगली की वाईट हे सांगण्यापेक्षा ती कोणत्या क्षणी वापरावी, याविषयी लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते.

माझी मुलगी यंदापासून सुरसागरजवळच्या संगीत महाविद्यालयात जाते. गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेची परंपरा असलेल्या या वडोदऱ्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या मराठी घरांतून एखादी पेटी आजही निघते, हे ठाऊक असूनही मी आधी इंटरनेटवरच्या एका जाहिरातीला भुलले. फोटो सुंदर होते, किंमत बाजारभावाच्या निम्मी होती, आणि आपली बदली झाल्यामुळे पेटी परगावाहून पाठवावी लागेल, असे विक्रेत्याचे म्हणणे होते. ‘टोकन दिलेत तर दुसऱ्या कोणाला देणार नाही’ या एका वाक्यावर मी दोन हजार पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याने वाहतुकीची अनामत म्हणून साडेतीन हजार मागितले, आणि मी नकार देताच टोकन परत करण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला व पिन टाकायला सांगितले. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो आपल्या खात्यातून पैसे काढण्यासाठी लागतो, हे तेव्हा आठवले म्हणून पुढचे नुकसान टळले.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यासाठी व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक हाताशी असावा लागतो. तक्रार लवकर गेली तर समोरच्या खात्यात उरलेली रक्कम रोखून धरता येते, पण माझ्या तक्रारीपर्यंत एक दिवस उलटला होता आणि खाते रिकामे झाले होते. पिन मी स्वतःच टाकला असल्यामुळे व्यवहार माझ्या संमतीने झाला आहे, असे बँकेने सांगितले, आणि ते मला मान्य करावे लागले.

यूपीआयची खरी मर्यादा इथेच आहे. २०१६ पासून चालत आलेली ही व्यवस्था क्षणात पैसे पोहोचवण्यासाठी बांधलेली आहे. वस्तू हाती येईपर्यंत रक्कम मधल्यामध्ये सांभाळून ठेवणे तिच्या कामात बसत नाही. व्यवहार अडकून खात्यातून पैसे वजा झाले तर ते आपोआप परत येतात, मात्र फसवणाऱ्याला यशस्वीपणे पोहोचलेले पैसे तसे येत नाहीत. अलीकडे दोन चांगल्या सुधारणा झाल्या आहेत. ३० जून २०२५ पर्यंत सर्व अ‍ॅप्सना पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवणे बंधनकारक झाले, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. तरीही नाव पाहून खाते कोणाचे एवढेच कळते, त्या माणसाकडे पेटी आहे की नाही हे कळत नाही.

दुसरी पेटी मी रावपुऱ्यातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरी जाऊन पाहिली. हवेची वाट उघडणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता भरला आणि सोडला; तो बराच वेळ फुगलेला राहिला, म्हणजे हवा गळत नव्हती. मधल्या सप्तकातला कोमल धैवत हा सूर मात्र किंचित घरघरत होता, ते ऐकवल्यावर काकांनी बारा हजारांतून पाचशे रुपये स्वतःहून कमी केले. मग मी आधी एकच रुपया पाठवला. पडद्यावर एका बाईंचे नाव आले आणि मी थांबले.

“खातं सुनेचं आहे, ताई,” काका म्हणाले, आणि त्यांनी तिला हाक मारली. तिने हात पुसत बाहेर येऊन आपल्या मोबाइलवर आलेला एक रुपयाचा बँकेचा संदेश दाखवला. त्यानंतरच मी उरलेले ११,४९९ रुपये पाठवले आणि तिच्याही फोनवर तो आकडा येईपर्यंत आम्ही सगळे पेटीभोवती बसून राहिलो. समोरासमोरच्या अशा व्यवहारात यूपीआय रोख रकमेपेक्षा मला निश्चितच सरस वाटले, कारण एवढी रोकड बाळगावी लागली नाही आणि दोन्हीकडे नोंद राहिली.

निघताना मी काकांकडून साध्या कागदावर पावती मागितली, कारण जुनी वस्तू पुढेमागे दुसऱ्या कोणाची निघाली तर पैसे दिल्याच्या नोंदीवरून आपण नेमके काय विकत घेतले हे सिद्ध होत नाही. त्यांनी त्यावर तारीख, पेटीचे वर्णन, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून सही केली, आणि मधल्या सप्तकातला तो घरघरणारा सूरही न विसरता नोंदवला.