खोक्यावरचे ‘फोर-के’ आणि पडद्यावरचा काळोख

ज्या गुन्हेमालिकांत कथानकाइतकाच पाऊस, धुके आणि अंधारही बोलतो, त्यांचे मला जुने वेड आहे. ‘ओझार्क’चेच पाहा, तिच्या बहुतेक दृश्यांवर निळसर काळोख पसरलेला असतो, आणि त्यात भिंत, सावली व चेहरा वेगवेगळे दिसले नाहीत तर निम्मी मालिका वाया जाते. याच हौसेपोटी गेल्या दिवाळीत मी पुण्यातील एका दुकानातून 43 इंची ‘फोर-के’ (म्हणजे पडद्यावर 3840×2160 ठिपके, अर्थात पिक्सेल, असलेला) टीव्ही 19,500 रुपयांना घेतला.

दुकानात लावलेली चित्रफीत पोपट आणि फळांची होती. तसल्या भडक रंगांत कोणताही टीव्ही देखणाच दिसतो. घरी मात्र तळ्यावरचे धुके पट्ट्यापट्ट्यांनी उमटू लागले आणि काळ्या कोटाच्या घड्या एकाच डागात बुडाल्या. मी आधी इंटरनेटला दोष दिला, मग ओटीटीची महिना 649 रुपयांची सर्वांत वरची योजनाही घेतली. अखेर भाच्याने लॅपटॉप जोडून, एक पिक्सेल काळा व एक पांढरा अशा उभ्या रेघांचे 3840×2160 मापाचे चित्र लावले. खऱ्या फोर-के पडद्यावर अशा रेघा भिंगातून सुट्या दिसतात. आमच्याकडे नुसता करडा पडदा दिसला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 1920×1080 असे छापले होते, म्हणजे सुमारे 83 लाख पिक्सेलांऐवजी जेमतेम पावणेएकवीस लाख! (धुक्यातील पट्टे पिक्सेलांच्या संख्येमुळे नव्हे, तर बहुधा हलक्या पॅनेलला छटाच कमी दाखवता येत असल्यामुळे पडले, म्हणजे तिथेही काटकसर केलेलीच असावी.)

खोके पुन्हा पाहिले, तेव्हा वीतभर ‘फोर-के’च्या खाली मुंगीएवढे ‘सपोर्टेड’ सापडले. असा टीव्ही फोर-के चित्र आत घेतो आणि आक्रसून दाखवतो, इतकाच त्याचा अर्थ. बिलावर तर केवळ ‘43 इंची स्मार्ट एलईडी’ एवढेच लिहिलेले होते, आणि माझ्या मते खरा सापळा तिथेच होता. तेव्हा पैसे देण्यापूर्वी बिलावर 3840×2160 हे आकडे लिहून घ्यावेत, आणि दुकानातच रात्रीचे एखादे दृश्य लावायला सांगावे. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर उठून यावे.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, हे कळल्यावर दुकानदाराचा सूर बदलला. चार हजार कापून टीव्ही परत घेण्याची तयारी त्याने दाखवली आहे; मी अजून होकार दिलेला नाही.