बोअरचं पाणी आणि माती तपासून घेतली, त्याचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या खालच्या अंगाला आमचं रान. बोअरला पिवळट पाणी यायला लागलं म्हणून एका खासगी लॅबला बोलावलं. नाव लिहीत नाही.

पहिल्या खेपेला आलेल्या पोराने पंप सुरू केला न केला तोच थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरायला घेतलं. चहा पाजून परत पाठवला.

नंतर आलेल्या मॅडम मात्र कामाच्या. 6 इंची बोअर, आत 60 फूट पाणी, म्हणजे सुमारे 330 लिटर. त्याच्या तिप्पट उपसून सोडून दिलं. साचलेलं पाणी खरं बोलत नाही म्हणाल्या. पीएच आणि वाहकता मोजत राहिल्या, आकडे स्थिरावल्यावरच नमुना घेतला. धातूंसाठीचं पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून त्यात नायट्रिक आम्ल टाकलं. सॉल्व्हंट (कारखान्यातली उडून जाणारी द्रावकं) तपासायची काचेची कुपी काठोकाठ भरली, बुडबुडा दिसला की ओतून पुन्हा भरायची. सगळं बर्फाच्या पेटीत. आपल्या मे महिन्यात हे हवंच.

माती नाल्याकडेची, आणि तुलनेला वरच्या बांधाची. प्रत्येक थरानंतर ऑगर (माती काढायचा गिरमिट) धुतला. दोन फुटांवर मुरूम लागून तो अडकला, तेव्हा आमच्या गड्याने पहार आणली.

रिपोर्ट तीन आठवडे उशिरा, त्यात मर्यादेचा रकानाच नाही! आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरमागे 500, दुसरा स्रोत नसेल तर 2000 मिलिग्रॅम, हे मीच शोधलं. पाचपैकी साडेतीन, तेही मॅडममुळे.