चष्मा लावणाऱ्यांनी आधी हे वाचा: ऑडिओ-टेक्निका एम२०एक्स, बडोद्याच्या उन्हाळ्यासकट

स्वस्तातले क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपाचे, हेडफोन घ्यायचे म्हटलं की जो तो पहिल्यांदा बेसचं विचारतो. बेस कसाय, दणका आहे का. मी आधी विचारते चष्मा लावता का, आणि लावत असाल तर काडी जाड आहे की बारीक. खरंच सांगते, या किमतीत आवाज चांगला वाटणार की फुसका वाटणार हे निम्मं कानाच्या मागच्या त्या बोटभर जागेवर ठरतं. कंफर्ट वेगळा आणि साउंड वेगळा असे दोन कप्पे करून मार्क देतात ना लोक, ते मला पटतच नाही, निदान क्लोज्ड-बॅकच्या बाबतीत तरी नाही.

मला क्लोज्ड-बॅकच का लागतात ते सांगते. आमचं घर दांडिया बजारात, खोली रस्त्याच्या बाजूला, आणि मी आमच्या ओळखीतल्या ज्येष्ठ मंडळींसाठी मराठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करते. ज्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही त्यांना पाठवते. वाचताना स्वतःचा आवाज कानात ऐकावा लागतो, आणि तेव्हा ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे, घातले तर त्यांच्यातून बाहेर येणारा आवाज सरळ समोरच्या माइकमध्ये जातो, की झालं, सगळ्या रेकॉर्डिंगवर मागे एक पुसटसा प्रतिध्वनी. ब्लूटूथवाले पण चालत नाहीत, कारण त्यात आवाज जरासा उशिरा येतो, आणि स्वतःचं बोलणं असं मागून ऐकू आलं की जीभ अडखळायलाच लागते. म्हणून वायरवाले, बंद कपाचे. शिवाय मुलगी गाणं शिकते, तिच्या तालमीची रेकॉर्डिंगं ऐकायला पण हेच.

आता सील म्हणजे काय ते समजून घ्या, बाकी सगळं त्यावर आहे. कपाच्या आत ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, असतो, तो पुढे हवा ढकलतो तशी मागेही ढकलतो. मागची बाजू कपानं बंद केलेली. पुढे पॅड, तुमचा गाल, कान आणि कानामागचं हाड मिळून एक छोटी बंद जागा तयार होते, आणि खालचे सूर ऐकू येतात ते त्या जागेतला हवेचा दाब टिकला तरच. कुठेही फट राहिली की सगळ्यात आधी बेस निसटतो, वरचे सूर तसेच राहतात. मग माणूस म्हणतो, अरे हे तर पातळ वाजतात, चिरचिर करतात. हेडफोन बिचारे ठीक असतात, फट असते ती चष्म्याच्या काडीखाली.

तपासायची युक्ती एकदम सोपी आहे. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावा, पुरुषांच्या पट्टीतलं, काळी एक समजा. त्यात सा साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. ऐकता ऐकता दोन्ही तळहातांनी कप हलकेच डोक्याकडे दाबा. जोरात नको, नुसतं टेकवल्यासारखं. खर्ज एकदम भरून आला तर समजायचं की हात नसताना सील बसत नव्हतं. काहीच फरक पडला नाही तर पॅड नीट बसलंय. आता चष्मा काढून परत करा. माझ्या जुन्या जाड काडीच्या चष्म्यावर फरक इतका होता की खर्जाची तार जवळजवळ गायबच, फक्त वरची जवारी, म्हणजे तारेची ती बारीक झणझण, राहायची, आणि बारीक धातूच्या काडीवर तेच हेडफोन, तेच रेकॉर्डिंग, खोली भरल्यासारखं. कानातले मोठे असतील किंवा केसांचा अंबाडा खाली असेल तर त्यानंही हेच होतं. दुकानात हे करून बघायला कोणी नाही म्हणत नाही.

तर एम२०एक्स. ऑडिओ-टेक्निका ही जपानी कंपनी, १९६२ ची, सुरुवात रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजपासून (सुई बसते तो भाग) केलेली. त्यांच्या एम सिरीजमधला हा अगदी खालचा मॉडेल. ड्रायव्हर ४० मिलिमीटर, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ४७ ओहम, वजन केबल सोडून १९० ग्रॅम. किंमत सेल आला की हलते पण चार-पाच हजारांच्या घरात धरून चाला. ४७ ओहम ऐकून घाबरायचं काही कारण नाही, साध्या फोनवर पुरेसा आवाज निघतो, आवाज वाढवणारा वेगळा अँप लागत नाही. फोनला हेडफोनचं भोक नसेल (हल्ली बऱ्याच फोनना नसतं) तर टाइप-सी डोंगल, म्हणजे जोडायचा छोटा तुकडा, लागेल, तेवढं मात्र बरं घ्या, अगदी फुटपाथवरचं नको, खरखर करतात ती.

आवाजाचं बोलू. माझ्यासाठी पहिली परीक्षा बोलण्याची. मराठी वाचनात स, श, च हे फार टोचू शकतात, विशेषतः बायकांच्या आवाजात, आणि स्वस्तातल्या बऱ्याच हेडफोनना वरचा भाग मुद्दाम चढवून दिलेला असतो, म्हणजे दुकानात दोन मिनिटं ऐकलं की एकदम क्लिअर वाटतं आणि घरी तासभर ऐकलं की कानशिलं ठणकतात. एम२०एक्समध्ये तसं नाही. वरचा भाग जरा दबलेलाच आहे. मला ते आवडतं, कारण मी तासन्‌तास ऐकते, पण ज्यांना झांजा, घुंगरू, सतारीच्या तरफा लख्ख चमकलेल्या हव्यात त्यांना हे थोडे मंद वाटतील, आणि ती तक्रार खरी आहे. तंबोऱ्याची जवारी यात आहे, पण तिच्यातली सगळ्यात वरची ती किनार, जी प्रत्यक्ष मैफलीत पहिल्या दोन रांगांत बसल्यावर ऐकू येते, ती यात येत नाही.

मधला भाग, म्हणजे माणसाचा आवाज, हार्मोनियम, व्हायोलिन, हा यांचा खरा जीव. गाणाऱ्याचा आवाज समोर उभा राहतो. मुलीच्या तालमीत ती कुठे सूर लावताना खालून घसरत आलीये, कुठे श्वास अर्ध्या आलापात घेतलाय, स्पीकरवर न कळलेलं यात स्वच्छ कळतं. आणि तबल्याचा डग्गा! डग्ग्यावर मनगट सरकवून जो घे ओढतात ना, त्याची मींड पूर्ण ऐकू येते, सुरुवातीचा ठोका वेगळा आणि मागची ओढ वेगळी. बेस थोडा फुगवलेला आहे हे खरं, अगदी खालचा नव्हे तर त्याच्या वरचा, त्यामुळे पुरुषी आवाज कधीकधी जाडसर होतात. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्यांना ते आवडेल. मला वाचनात तेवढं पुरुषी आवाजाचं जाड होणं नको वाटतं, पण सहन करण्यासारखं आहे.

अजून एक गोष्ट मी मुद्दाम ऐकते, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली रेकॉर्डिंगं. बडोद्याच्या दरबारी गायक असलेल्या फैयाझ खाँसाहेबांची तीन-साडेतीन मिनिटांची अशी रेकॉर्डिंगं आहेत, आणि त्यात सुईची खसखस गाण्याइतकीच असते. चढवलेल्या ट्रेबलच्या, म्हणजे वरच्या सुरांच्या, हेडफोनवर ती खसखस पुढे येते आणि खाँसाहेब मागे जातात. यात खसखस मागे राहते आणि तो भारदस्त, घुमारदार आवाज पुढे येतो. या एका कारणासाठी पण मी हे हेडफोन ठेवीन.

जागा मात्र नाही. म्हणजे सगळं डोक्याच्या आतच वाजतं, तबला डावीकडे, तंबोरा मागे असा पसारा वाटत नाही. क्लोज्ड-बॅकमध्ये ते तसं कमीच असतं, या किमतीत तर अजून कमी. वाद्यवृंद किंवा नाटकाचं रेकॉर्डिंग ऐकायचं असेल तर हा तोटा जाणवतो.

आता डोक्यावरचं. नवे असताना घट्ट आहेत, चांगलेच. तो घट्टपणा सील बसवतो, पण चष्म्याची काडी त्यानंच कानामागे रुतते. माझा उपाय, रात्री ते चार-पाच जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवायचे, गठ्ठा डोक्यापेक्षा किंचितच रुंद हवा, जास्त ताणायचं नाही, आणि हळूहळू सैल पडतात. फार सैल करू नका, कारण मग परत बेस जाणार, म्हणजे फिरून तिथेच. कपाची आतली जागा छोटी आहे, मोठ्या कानाच्या माणसाला कानाची कड आतल्या जाळीला लागणार. आमच्याकडे मला बसतात, माझ्या भावाला अजिबात नाही, अर्ध्या तासात काढून ठेवतो. पॅड पातळ आहेत, वरचा पट्टा पण जेमतेम गादीचा, पण १९० ग्रॅम म्हणजे टाळूला काही भार होत नाही.

आणि मग मे महिना. बडोद्यात पारा चाळिसाच्या वर, रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद, खिडक्या बंद, आणि कानावर रेग्झिनचे पॅड. घाम येतोच. कानाभोवती ओली रेघ उमटते. हा एकट्या या मॉडेलचा दोष नाही, रेग्झिनचे पॅड असलेले सगळेच असे. दर पाऊण तासानं काढून, सुती फडक्यानं पुसून, पाच मिनिटं उलटे ठेवते. घामानंच पॅडचा वरचा पापुद्रा सुटतो. माझ्याकडे आधी दुसरे एक होते, नाव घेत नाही, त्याचे काळे कण कानावर आणि उशीच्या अभ्र्यावर पडायचे, धुतल्यावरसुद्धा जात नव्हते. मखमली पॅड मिळतात वेगळे, थंड असतात, पण त्यांच्यातून हवा जाते म्हणजे बेस कमी होतो आणि बाहेरचा आवाज जास्त येतो. उन्हाळ्यात नुसतं ऐकायला ठीक, माइकसमोर मी लावत नाही.

बाहेरचा आवाज किती थांबतो? उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांत, गच्चीगच्चीवर स्पीकर असतात, पिपाण्या असतात, तेव्हा लावून बघितलं. पिपाण्या, ओरडणं, भाजीवाल्याची हाक, भांड्यांचा आवाज हे बरंच कमी होतं. डीजेचा धबधबा आणि खाली उभ्या रिक्षाची घरघर मात्र येते. वरचे आवाज पॅड अडवतं, खालचे आरपार जातात, कुठल्याही बिनबॅटरीच्या हेडफोनचं तसंच. याचा खरा फायदा आवाज कमी ठेवता येतो हा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितलीये, आणि गोंगाटात नुसते इअरफोन लावून आपण ती कधी ओलांडतो ते कळतच नाही. कॉलेजातल्या मुलांनी याकडे खरंच लक्ष द्यावं, कान एकदा गेले की गेले.

केबलचं मात्र मला मनापासून दुःख आहे. तीन मीटर लांब, डाव्या कपातून निघालेली, आणि काढता येत नाही. झोपाळ्यावर बसून ऐकायला लांबी छान पुरते, पण वायर कडीला किंवा पदराला घासली की ती खरखर थेट कानात चढते. फोनला लावून रस्त्यावर फिरायला तर उपयोग नाहीच. आणि कधी आत तुटली तर सोल्डरिंग करणारा माणूस शोधा. वरचा मॉडेल एम४०एक्स घेतला तर केबल निघते, सोबत दोन वेगवेगळ्या केबल येतात, कप पण वळतात, फक्त वजन २४० ग्रॅम होतं आणि पैसे बरेच जास्त. स्टुडिओत दिसतो तो सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासून चालू असलेला, त्यात बारीकसारीक जास्त ऐकू येतं, पण त्याचा वरचा भाग धारदार, वाचनाच्या चुका पकडायला उत्तम आणि निवांत ऐकायला मला जड जातो. त्याची केबल पण काढता येत नाही बरं का.

दुकानात ट्राय करताना एक सांभाळा. दुकानदार भाऊ भले असतात पण ‘ताई, आता हे बघा’ म्हणत प्रत्येक पुढचा पीस जरा मोठ्यानं लावतात, आणि मोठा आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो. प्रत्येक वेळी आवाज स्वतः सारखा करून घ्या. गाणं त्यांचं नको, तुमचं लावा, जे तुम्हाला पाठ आहे ते. चष्मा घालूनच ऐका आणि दुकानदाराला आधीच सांगून निदान वीस मिनिटं डोक्यावर ठेवा, कारण रुतायला लागतं ते पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची अट आधी वाचा, काही ठिकाणी नुसतं बदलून देतात, पैसे परत देत नाहीत.

माझं मत विचाराल तर वाचन, पॉडकास्ट, तालीम, जुनं गाणं यासाठी घ्या, डोळे मिटून घ्या. कान मोठे असतील किंवा चष्म्याची काडी जाड असेल तर आधी घालून बघितल्याशिवाय नको. गेमिंग आणि प्रवासासाठी दुसरं काही बघा. आणि घेतलेच तर पॅड बदलायची वेळ येईल तेव्हा जाडी आणि आकार मूळच्या इतकाच बघून घ्या, कारण जाड पॅड लावले की कान ड्रायव्हरपासून लांब जातो आणि आवाजच बदलतो, बऱ्याच जणांना वाटतं हेडफोन बिघडले.