सायबर हल्ल्यात नॅशनल गार्ड: कुणाच्या हुकमाखाली बोलवायचं?

अमेरिकेतल्या एखाद्या शहराच्या किंवा काउंटीच्या आयटी विभागात तुम्ही आहात. रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, सर्व्हर बंद पाडलेत आणि वरिष्ठ विचारतात, "लष्कर बोलवता येईल का?" येतं. पण कुणाच्या हुकमाखाली येणार, हे आधी ठरवा. माणसं तीच, गणवेश तोच; हुकूम बदलला की त्यांचे अधिकारही बदलतात.

हे लष्कर म्हणजे नॅशनल गार्ड, अमेरिकेतल्या राज्याराज्यांचं राखीव सैन्यदल. ते आपल्याकडचं होमगार्ड नव्हे आणि एसआरपीएफही नव्हे. एकच तुकडी आज गव्हर्नरच्या हुकमात असते, उद्या राष्ट्राध्यक्षांच्या.

पहिला मार्ग राज्याच्या सेवेचा, ज्याला तिथे 'स्टेट ॲक्टिव्ह ड्युटी' म्हणतात. गव्हर्नरची सही पुरते, पगार राज्याच्या तिजोरीतून जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोलोरॅडोच्या परिवहन खात्यावर सॅमसॅम रॅन्समवेअर आलं आणि सुमारे २,००० संगणक बंद करावे लागले. गव्हर्नर हिकनलूपर यांनी १ मार्चला आणीबाणी जाहीर केली आणि गार्डची माणसं साफसफाईला बसली. जुलै २०१९ मध्ये लुइझियानात शाळांच्या तीन जिल्ह्यांवर हल्ले झाले, तिथेही गव्हर्नरांनी आणीबाणीच पुकारली. माझा कौल याच मार्गाला आहे. हल्ल्यानंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात मोलाचे असतात आणि इथे वॉशिंग्टनच्या होकाराची वाट बघावी लागत नाही. एक अडचण आहे. गार्डची बरीचशी साधनं केंद्राच्या पैशाची असतात, त्यामुळे ती वापरताना संरक्षण खात्याचे नियम पाळावे लागतात.

दुसरा मार्ग टायटल ३२, म्हणजे केंद्रीय कायद्यांच्या संहितेतला नॅशनल गार्डचा भाग. हुकूम गव्हर्नरचाच, पैसा मात्र केंद्राचा. २०२० मध्ये कोविडच्या कामाला अनेक राज्यांनी हाच मार्ग धरला होता. पण मंजुरी वॉशिंग्टनहून यावी लागते. काम महिनोन्महिने चालणार असेल तर अर्ज जरूर करा. सर्व्हर आज बंद असतील तर याच्या भरवशावर बसू नका.

तिसरा त्याच संहितेतला टायटल १०, म्हणजे थेट केंद्राचं सैन्य. इथे १८७८ चा पॉसी कोमिटॅटस कायदा आडवा येतो. संविधानाने किंवा संसदेने स्पष्ट मुभा दिल्याशिवाय सैन्याला पोलिसांचं काम करता येत नाही, आणि मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गव्हर्नरच्या हुकमातल्या गार्डला हा कायदा लागू नाही. तांत्रिक मदतीला केंद्रीय सैन्य येऊ शकतं, पण त्यासाठी साधारणपणे एखाद्या केंद्रीय खात्यामार्फत मागणी जावी लागते. शिवाय सर्व्हर पुन्हा उभा करणं आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, चाळून गुन्हेगाराचा माग काढणं यांतली रेघ १८७८ साली कुणी आखणार तरी कशी? ती जागेवर वकिलांनाच आखावी लागते. पॉसी कोमिटॅटसच्या बंदीला मोठा अपवाद म्हणजे १८०७ चा इन्सरेक्शन ॲक्ट. तो बंडाळीसाठी आहे, १९९२ च्या लॉस एंजेलिस दंगलीत वापरला गेला होता. बंद पडलेल्या पाणीबिलाच्या यंत्रणेसाठी त्याचं नावही काढू नये.

"मग लष्कराने उलट हल्ला करावा" असं कुणीतरी बैठकीत म्हणतंच. २०१८ मध्ये संसदेने रशिया, चीन, उत्तर कोरिया आणि इराण यांच्या सायबर हल्ल्यांविरुद्ध लष्कराला कारवाईची मुभा दिली, पण ती परदेशी नेटवर्कमधली. ती तुमच्या शहराच्या हातात येत नाही.

कोणताही मार्ग घ्या, तपास एफबीआयचा. २०१६ च्या अध्यक्षीय निर्देशाने हे काम न्याय खात्याकडे दिलं आहे. कोलोरॅडोला छळणाऱ्या सॅमसॅमच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन इराण्यांवर आरोप ठेवले गेले, तेही न्याय खात्याकडूनच. म्हणून डिस्क पुसण्याआधी तिची प्रत काढायला गार्डला सांगा, नाहीतर साफसफाईत पुरावाच जाईल.

दोन कामं आजच करण्यासारखी आहेत. तुमच्या राज्याच्या आणीबाणी कायद्यात सायबर हल्ला बसतो का, हे शहराच्या वकिलांना विचारा. आणि गार्डने तुमच्या यंत्रणेत कुठवर शिरायचं, नागरिकांचे ईमेल व वैद्यकीय नोंदी कुणी बघायच्या, कुणी नाही, याचं संमतिपत्र सहीसकट तयार ठेवा. त्याची एक प्रत कागदावर असू द्या. हल्ल्याच्या दिवशी सर्व्हरवरची उघडणार नाही.